बीला कसे कळते?

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी एक साधा प्रयोग करून घेतो. मटकीचे शंभर दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी ओल्या फडक्यात बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी सोडून मोजायचे. मोड किती दाण्यांना आले, नुसते फुगून राहिले किती आणि खड्यासारखे कडक राहिले किती. या शेवटच्या दाण्यांना आपल्या घरच्या बायका ‘गणंग’ म्हणतात. आमची शाळा उर्दू माध्यमाची. एका वर्षी मोजदाद संपल्यावर एका शेतमजुराच्या मुलीने विचारले, “सर, बीज कू कैसा मालूम पडता, की अब उगने का?” वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर दिले, “अल्लाह उगाता.” मुलगी शांतपणे म्हणाली, “वो तो मुझे भी मालूम. फिर ये गणंगां कू क्यों नहीं उगाया?”

माझ्याजवळ पुस्तकातले उत्तर तयार होते. पाणी, हवा आणि योग्य तापमान मिळाले की बी उगवते. ते मी सांगितले, घंटा झाली आणि मुले गेली. पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते हे मला वर्गाबाहेर पडण्याआधीच कळले होते. गणंगालाही तेच पाणी, तीच हवा आणि तेच फडके मिळाले होते. त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. विज्ञानाच्या पुस्तकांतून त्याचे उत्तर मिळत गेले आणि इतिहासाच्या पुस्तकांतून हेही कळत गेले की, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत आपलीही माणसे होती. आपण त्यांना विसरलो आहोत.

शब्दांतली शेती

दिवसातून पाच वेळा अजानमध्ये आपल्याला ‘फलाह’कडे बोलावले जाते. फलाह म्हणजे कल्याण, साफल्य. याच धातूपासून अरबीत ‘फलाहत’ म्हणजे शेती आणि ‘फल्लाह’ म्हणजे शेतकरी हे शब्द झाले. या धातूचा मूळ अर्थ चिरणे, फोडणे असा आहे. नांगराने जमीन चिरतो तो फल्लाह. कुरआन शरीफच्या सूरह अल्-अन्आममध्ये दाणा आणि खजुराची आठोळी फोडणारा तो अल्लाह, असे वर्णन येते. अरबस्तानातल्या माणसाला बी उगवणे म्हणजे कठीण काहीतरी आतून दुभंगणे, असे दिसले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे वर्णन अचूक आहे. बीचे टरफल फाटून मूळ बाहेर डोकावते, त्या क्षणालाच शास्त्रज्ञ अंकुरण म्हणतात.

आपल्या मराठी शेतकऱ्याच्या तोंडातही हा वारसा आहे. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. मशागत हा शब्द ‘मशक्कत’पासून आला, म्हणजे कष्ट. विठोबाची वारी करणारा शेतकरी आणि जुम्याची नमाज पढणारा शेतकरी, दोघेही खरिपाची मशागत करतात आणि दोघेही आभाळाकडे बघतात.

श्रद्धा आणि शोध यांचा संबंध कसा असावा, याविषयी सहीह मुस्लिममधली एक हदीस मला फार मोलाची वाटते. मदिनेचे लोक खजुराच्या नराचे फुलोरे मादीच्या फुलोऱ्यात हाताने बांधत. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी याचा काही उपयोग असेल असे वाटत नाही, असे म्हटले तेव्हा लोकांनी ते काम सोडून दिले. त्या वर्षी फळ नीट धरले नाही. ही गोष्ट पैगंबरांच्या (स.) कानावर गेली तेव्हा त्यांनी सांगितले की, तुमच्या दुनियेच्या व्यवहारातल्या गोष्टी तुम्हालाच अधिक ठाऊक आहेत. शेतात काय होते हे शेताला विचारा, असाच याचा अर्थ मी घेतो. पुढच्या काही शतकांत ज्यांनी शेताला विचारले, त्यांची ही गोष्ट आहे.

बगदादपासून सेव्हिलपर्यंत

नवव्या शतकात पश्चिम इराणातल्या दीनवर गावी अबू हनीफा दीनवरी हा विद्वान झाला. त्याच्या ‘किताबुन्नबात’मध्ये सहाशेहून अधिक वनस्पतींची वर्णने होती. रोप जमिनीतून वर येते तेव्हापासून ते फुलते-फळते तोपर्यंतच्या अवस्थांचाही त्याने विचार केला. हा प्रचंड ग्रंथ पुढे बराचसा हरवला. त्यातली वाक्ये मात्र जुन्या अरबी शब्दकोशांत विखुरलेली होती. ती एकेक वेचून ग्रंथाचा एक मोठा भाग पुन्हा उभा करण्याचे काम डॉ. मुहंमद हमीदुल्लाह यांनी केले आणि तो १९७३ साली कैरोत छापला गेला. हमीदुल्लाह यांचा जन्म १९०८ सालचा, हैदराबादचा; शिक्षण उस्मानिया विद्यापीठाचे. ज्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडा होता, तिथल्या एका माणसाने हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात पुन्हा जीव ओतला.

दीनवरीनंतर थोड्याच वर्षांत, इ. स. ९०४मध्ये, इराकमधल्या इब्न वहशिया याने ‘अल्-फलाहतुन्नबतिया’ हा ग्रंथ सुर्यानी भाषेतून अरबीत आणला. त्यात जमीन, पाणी, खत, पेरणीचे दिवस यांची दांडगी माहिती आहे. सोबत चंद्राच्या कला, तोडगे आणि जादूटोणाही आहे. ग्रीक परंपरेचे शेतीग्रंथही याच काळात अरबीत आले. त्यांत एक कृती अशी की, लुब्धक हा तारा उगवण्याच्या काही दिवस आधी प्रत्येक पिकाचे थोडे थोडे बी एका तुकड्यात पेरून बघावे. जे चांगले दिसेल ते त्या वर्षी भरघोस येईल. ताऱ्याचा भाग सोडून द्या. उरते ते काय? मोठ्या पेरणीआधी थोडे बी पेरून पाहणे. आज कृषी सहायक पावसाळ्याआधी गावोगाव सांगतो ती उगवणशक्तीची चाचणी याहून फार वेगळी नाही.

खरी धार आली ती स्पेनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अंदलुसमध्ये. अकराव्या शतकात तुलेतुला म्हणजे टोलेडो शहरात इब्न बस्साल हा सुलतान मामूनच्या बागेचा प्रमुख होता. हज करून, परदेशची शेती बघून आलेला हा माणूस. त्याच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, तो जुन्या आचार्यांची साक्ष काढत नाही. जमिनीचे दहा प्रकार तो सांगतो, ते हाताने माती चोळून पाहिल्यासारखे. १०८५ साली टोलेडो ख्रिस्ती राजाच्या हाती गेले आणि इब्न बस्साल सेव्हिलला आला. त्याच सेव्हिलमध्ये बाराव्या शतकात इब्नुल अव्वाम याने ‘किताबुल फलाहत’ लिहिली. त्यात पाचशे पंच्याऐंशी वनस्पतींचा विचार आहे. तो आधीच्या सगळ्यांची मते मांडतो, मग शहराजवळच्या शरफ भागात स्वतः करून पाहिलेले सांगतो. कोणते मत कुणाचे आणि अनुभव कोणता, हे तो वेगळे ठेवतो. १८०२ साली माद्रिदमध्ये हा ग्रंथ स्पॅनिश भाषांतरासह छापला गेला आणि युरोपातल्या शेतीतज्ज्ञांनी तो आवडीने वाचला. विसाव्या शतकात त्याचा उर्दू अनुवादही झाला. आमच्या किती उर्दू शाळांच्या ग्रंथालयात तो असेल, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बी कसे पेरावे, किती खोल, कोणत्या जमिनीत, हे या मंडळींना उत्तम ठाऊक होते. बीच्या आत काय घडते हे त्यांना ठाऊक नव्हते. ‘सगळे आमच्या ग्रंथांत आधीच आहे’ असे म्हणणारे लोक आपल्याकडे आहेत, शेजारच्या आळीतही आहेत. इब्नुल अव्वाम असे म्हणाला नाही. म्हणूनच तो मोठा.

दुष्काळ आणि सरदार

भारतातही ही परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचे प्रकरण आहे. बी दुधात भिजवावे, तूप लावलेल्या हाताने चोळावे, शेणात घोळावे, धुरी द्यावी, असे त्यात सांगितले आहे. सरकी शेणात घोळून पेरण्याची रीत आपल्या कापसाच्या पट्ट्यात अनेकांनी पाहिली असेल. तिथे शेणाचे काम अगदी रोखठोक असते. सरकीवरचे तंतू बसतात आणि बी एकमेकांना न चिकटता सुटे पडते.

मोगल काळात फारसीत ‘नुस्खा दर फन्ने फलाहत’ नावाची एक छोटी पुस्तिका फिरत होती. ती दारा शुकोहच्या नावावर चालत आली. पुढच्या अभ्यासकांचे मत असे पडले की, ती अमानुल्लाह हुसैनी याच्या ‘गंजे बादावर्द’ या मोठ्या ग्रंथातून आलेली आहे. हा अमानुल्लाह म्हणजे महाबतखानाचा मुलगा खानजमान. मराठी वाचकाला तो दुसऱ्या संदर्भात ओळखीचा आहे. १६३३ साली दौलताबादच्या वेढ्यात तो बापाबरोबर होता आणि १६३६ साली माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना त्यानेच कोंडीत धरले. पुढच्याच वर्षी तो दौलताबादेत वारला.

या सनावळीकडे नीट पाहिले की मन अस्वस्थ होते. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली. ज्या मुलखातले बियाणेसुद्धा माणसांनी खाऊन संपवले असेल, त्या मुलखातून फौजा फिरत होत्या. त्यातल्या एका सरदाराच्या नावावर बी पेरण्याच्या विद्येचे प्रकरण आहे. विद्या माणसाजवळ असणे आणि ती उपाशी माणसाच्या शेतापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हाही होत्या.

बीच्या आत

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. वाळलेल्या बीमध्ये साधारण दहा टक्के पाणी असते. एवढ्या कोरड्या अवस्थेत तिचे श्वसन जवळजवळ थांबलेले असते, पण ती मेलेली नसते. पाणी मिळाले की दाणा फुगतो. यात गंमत अशी की, मेलेला दाणाही फुगतो, कारण पाणी शोषणे ही स्पंजासारखी क्रिया आहे. आमच्या फडक्यातले फुगून राहिलेले दाणे ते हेच. जिवंत दाण्यात मात्र पाणी पोहोचताच काही वेळातच श्वसन सुरू होते.

पुढचे कोडे सुटायला सव्वाशे वर्षे लागली. १८३३ साली फ्रान्समध्ये पायेन आणि पर्सो यांनी मोड आलेल्या बार्लीतून पिष्टाची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला. दाण्याच्या कोठारात पिष्ट साठवलेले असते. गर्भाला ते खाता येत नाही, साखर लागते. पण ही भट्टी पेटवण्याचा हुकूम कोण देते? याचा धागा अगदी अनपेक्षित जागी सापडला. जपानी भातशेतीत एक रोग होता. त्यात रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडत. १९२६ साली कुरोसावा याने दाखवले की, एका बुरशीतून पाझरणारा पदार्थ हे करतो. १९३५ साली याबुता याने त्याला जिबरेलिन नाव दिले. नंतर कळले की, हाच पदार्थ वनस्पती स्वतःही तयार करतात. १९६०च्या सुमारास बार्लीवरच्या प्रयोगांनी साखळी पूर्ण झाली. पाणी मिळाले की गर्भ जिबरेलिन सोडतो, ते दाण्याच्या कडेच्या थराला पोहोचते आणि तो थर पिष्ट फोडणारे रस तयार करतो. याच्या उलट काम करणारे, ‘अजून थांब’ असे सांगणारे दुसरे संप्रेरकही त्याच दशकात सापडले. त्याला अॅब्सिसिक आम्ल म्हणतात. बीला ‘कळते’ ते या दोघांच्या तोलातून. थंडी, ऊब, उजेड, अंधार या सगळ्या गोष्टी हा तोल इकडे-तिकडे झुकवतात. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, सॅलडच्या पाल्याचे बी तांबड्या उजेडाने जागे होते आणि तांबड्याच्या पलीकडच्या उजेडाने पुन्हा निजते. आळीपाळीने कितीही वेळा दाखवा, शेवटचा उजेड कोणता, त्यावर निकाल.

आणि गणंग? त्याचे टरफलच असे घट्ट असते की, पाणी आत शिरत नाही. रानातल्या डाळवर्गी झाडांचे बहुतेक बी असेच असते. पहिल्या पावसाला थोडे उगवते, उरलेले पुढच्या पावसाची, पुढच्या वर्षाची वाट बघते. पाऊस मध्येच दडी मारून गेला तर उगवलेले मरते, पण वंश टिकतो. हजारो वर्षे शेतकऱ्याने एकदम उगवणारे तेच बी निवडले, म्हणून आपली पिके ही सवय विसरली. एकाच वेळी सगळे उगवते हा आपला फायदा. मृगाच्या पावसाने फसवले की एकाच वेळी सगळे करपते आणि दुबार पेरणी येते हा त्याचा मोबदला. पीक काढणीला आले असताना पाऊस लागून राहिला की कणसातल्या कणसात दाण्याला मोड येतात, त्याचेही मूळ येथेच आहे.

वाट पाहणारे बी

बी किती वाट पाहू शकते? १८७९ साली अमेरिकेत मिशिगन येथे विल्यम बील या प्राध्यापकाने ओलसर वाळूत मिसळलेले बी वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरले. ठराविक वर्षांनी एक बाटली काढून पेरायची. बील गेले, त्यांचे शिष्य गेले, काम चालू आहे. २०२१ साली सोळावी बाटली काढली ती रात्रीच्या अंधारात, कारण उजेडाने बी जागे होऊ नये. एकशे बेचाळीस वर्षांनंतरही त्यातले काही उगवले. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. मसादा या मृत समुद्राकाठच्या किल्ल्यात १९६३ ते १९६५च्या उत्खननात खजुराच्या आठोळ्या सापडल्या होत्या. २००५ साली डॉ. एलेन सोलोवी यांनी त्या कोमट पाण्यात भिजवल्या, जिबरेलिनच्या द्रावणात ठेवल्या आणि पेरल्या. एक उगवली. तिचे वय सुमारे दोन हजार वर्षे निघाले.

पण मला जास्त हलवून गेली ती हलबची गोष्ट. इब्न वहशियाच्या इराकमध्ये, बगदादजवळ अबू गरीब येथे देशाची बीजपेढी होती. गहू आणि बार्ली जिथे माणसाने पहिल्यांदा पिकवली त्या मुलखाचे वाण तिथे होते. २००३च्या युद्धात ती लुटली गेली. इराकी शास्त्रज्ञांनी त्याआधीच महत्त्वाच्या वाणांची एक पेटी सीरियात, हलबजवळच्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय केंद्रात पाठवून ठेवली होती. मग सीरियातच युद्ध पेटले आणि २०१२मध्ये केंद्राला तिथून हलावे लागले. तोवर तिथल्या लोकांनी बहुतेक वाणांच्या जोडप्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर, उणे अठरा अंशाच्या तिजोरीत पोहोचवल्या होत्या. २००८ साली उघडलेल्या या तिजोरीतून बी परत मागण्याची पहिली वेळ २०१५ साली आली, ती हलबच्या या केंद्रावर. ते बी लेबनॉन आणि मोरोक्कोच्या शेतांत पेरले गेले, उगवले, आणि २०१७ साली त्याचे ताजे दाणे पुन्हा स्वालबार्डला गेले. ज्यांनी ते बी वाळवले, मोजले, पाकिटांत भरले, त्यांची नावे बातम्यांत फारशी आली नाहीत. बॉम्ब टाकणाऱ्यांची आली.

बी टिकते ते कोरडेपणाने आणि थंडाव्याने. शास्त्रज्ञांचा ढोबळ नियम आहे की, एका मर्यादेपर्यंत बीतला ओलावा एक टक्क्याने घटला की तिचे आयुष्य दुपटीने वाढते. आमची दादी तुरीचे बी कडक उन्हात वाळवून राखेत घोळून मडक्यात ठेवायची. तिला टक्के येत नव्हते. दाताखाली दाणा ‘कट्’ वाजला की ती मडक्याचे तोंड बंद करायची.

२०२०च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. सोयाबीनचे टरफल पातळ; मळणीत मार बसला, काढणीत भिजले, की गर्भ मरतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून मोजले, सत्तरहून अधिक उगवले तर बी पेरण्यालायक. याला पैसा लागत नाही. मोजता आले पाहिजे एवढेच.

म्हणून तो मटकीचा प्रयोग मी सोडलेला नाही. त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात तिचेच गणंग परत दिले आणि सुताराकडचा पॉलिश पेपर दिला. तिने एकेक दाणा एका बाजूने हलकेच घासला आणि पुन्हा भिजत घातला. दुसऱ्या दिवशी फडके सोडले तेव्हा वर्गात कुणी हसले नाही. अकरा गणंगांपैकी नऊ दाण्यांना मोड आले होते. मागच्या बाकावरचा मुलगा उठून पुढे आला, वाकून बघितले आणि म्हणाला, “बाकी दो कू और घिसना पडता क्या, सर?”

मी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला.